नात्याच्या रकान्यात ताई

१२ सप्टेंबर

लाडक्या टकलीस,

अनेक आशीर्वाद.

फोनवर रोज तोंड दिसतं आणि वर हे पत्राचं खूळ कशाला, असं म्हणशील. म्हण. पण इथल्या फॉर्मवाल्याने बजावलंय की फोनवरचं बोलणं हवेत जातं, कचेरीला कागद लागतो. तारखेचा, टपालाच्या शिक्क्याचा, हाताने लिहिलेला. मी तुझी आई आहे आणि आठ वर्षं लांबून का होईना तुला मीच वाढवतेय, हे साहेबाला त्यावरून दिसलं पाहिजे. तर तू मला दर आठवड्याला लिहायचं. तुझी पत्रं भाषांतर करून तो अर्जाला जोडणार. काय लिहू म्हणून डोकं खाऊ नकोस. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो तुझा, तोच कागदावर चालू दे.

मे महिन्यात मला इथे कायम राहायची परवानगी मिळाली, तोवर तुझ्यासाठी अर्जच करता येत नव्हता. आणि मधे तुला भेटायला आले असते तर पुन्हा आत घेतलं नसतं. हे तुला शंभरदा सांगितलंय, तरी लिहिते. एकोणीस ऑगस्टला तू अठराची होशील. अठरा झाली की आईच्या मागे यायचा हक्क संपला. अर्जाच्या दिवशीचं वय धरतात म्हणे, म्हणजे त्याआधी अर्ज आत गेला पाहिजे.

आईला, म्हणजे तुझ्या आजीला (बघ, फॉर्म भरून भरून मीच तिला आजी लिहायला लागले, तू तर जन्मात तिला आजी म्हटलं नाहीस), सांग की गुडघ्याचं तेल पाठवलंय. धाकट्याला, तुझ्या मामाला, सांग की आईला जिने चढायला लावू नकोस.

काम तेच. हॉस्पिटलच्या चादरी. इस्त्रीचा रूळ आपल्या दोन्ही खोल्यांएवढा लांब आहे. एका टोकाने ओली चादर भरायची, दुसऱ्या टोकाला ती कडक होऊन येते, मग दोघींनी कोपरे धरून घडी घालायची. माझ्यासमोर एक उंच बाई असते. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, पण कोपऱ्याला कोपरा बरोबर लागतो. चादर झटकताना कधी कधी वाटतं, समोरच्या टोकाला तू असतीस तर किती बडबडली असतीस.

तुझी ताई


३० सप्टेंबर

प्रिय ताई,

शि. सा. न. आणि जे कोणी साहेब हे वाचतील त्यांनाही नमस्कार. साहेब, अक्षर वाईट आहे त्याला मामा जबाबदार आहे. त्याने दिलेलं पेन गळतं.

आईला परवा त्र्याहत्तरावं लागलं. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. सकाळी मला उठवताना अख्खी इमारत उठवते. मामाच्या दुकानात दुरुस्तीच्या पंख्यांचा डोंगर झालाय. आई म्हणते, याला बायको मिळाली तर तीही पंखाच घेऊन येईल, दुरुस्तीला.

ताई, विचारायचं म्हणजे चष्म्याचा नंबर वाढलाय, तर फ्रेम गोल घेऊ का चौकोनी? आणि केस खांद्यापर्यंत कापू का? आई नको म्हणते, पण तू हो म्हणालीस तर तिचं काही चालणार नाही. शाळेच्या सहलीच्या कागदावर पालकांची सही लागते, ती तुझ्याकडून मागवायची की मामाची चालेल? आईला विचारलं तर म्हणाली, मला काय विचारतेस, ताईला विचार.

जिन्यात चपलांचा आवाज आला की माझी मान अजून वर होते. तू काही जिन्यातून अशी अचानक येणार नाहीस, विमानाने येशील, आधी दहा फोन करशील, हे कळतं मला. तरी होते. साहेब, हे भाषांतर नाही केलं तरी चालेल.

तुझी,
टकली


१३ फेब्रुवारी

लाडक्या टकले,

अर्ज गेला एकदाचा! काल. तुझी बावीस पत्रं होती, फॉर्मवाल्याने त्यांना वरून दोरा घातला, शिक्का मारला आणि म्हणाला, आता निवांत राहा, तीन महिन्यांत मुलगी तुमच्याकडे. मी त्याच्या टेबलावरच रडले. तो बिचारा पेपर नॅपकिन शोधत बसला.

केस कापलेस त्याचा फोटो बघितला. मीच हो म्हणाले होते, तरी जुना लांब केसांचा फोटो शोधून काढला. एवढे कमरेपर्यंत वाढले आणि मी एकदाही विंचरले नाहीत. चौकोनी चष्मा मात्र शोभतो. कॉमर्सचं म्हणत होतीस ना, त्याला माझा होकार आहे, पण गणित सोडायचं नाही. आईला त्यातलं काही विचारू नकोस, ती तुला लाडाने काहीही सोडू देईल.

खोलीत दुसरी खाट टाकली. खिडकीजवळ तुझी, भिंतीजवळ माझी. खिडकीतून बसगाड्या धुताना दिसतात. घरमालक म्हणाला, पाहुणे येणार वाटतं? म्हटलं, पाहुणे कसले, मालकीण येणार आहे.

तुझी ताई


४ मे

प्रिय ताई,

अडीच महिने झाले, तुझं पत्र नाही. फोनवर विचारलं की 'होईल गं' म्हणतेस आणि लगेच आईला फोन दे म्हणतेस. आधी तुझ्यामागे दुसरी खाट दिसायची. आता तिच्यावर कपड्यांचा ढीग दिसतो.

मामा म्हणतो, तिकडे गेलं की माणसं बदलतात. मी त्याच्याशी कडाकडा भांडले, दोन दिवस बोलले नाही. पण ताई, खरं सांगते, तेच माझ्याही मनात आलं होतं, म्हणून तर एवढा राग आला. आठ वर्षं तू एकटी राहिलीस, सवय झाली असेल. आता मधेच कोणी तरी मोठी घोडी येऊन खोलीत बसणार, तर नको वाटत असेल. नको असेन तर स्पष्ट सांग. मी रडणार वगैरे नाही. फक्त वाट बघायचं बंद करीन, ते तरी जमलं पाहिजे मला.

आई म्हणते ताईला काही तरी झालंय, ती खोटं बोलताना नाक चोळते, परवा फोनवर चोळत होती.

टकली


२० मे

लाडक्या टकले,

धाकट्याला सांग, बहीण बदलली नाही. भित्री होती, अजून तशीच भित्री आहे.

अर्ज नामंजूर झाला. एकवीस एप्रिललाच कागद आला. मी तो वाचला, घडी घातली आणि चादरींच्या कपाटात ठेवला, जसं काही कपाटात ठेवलं की तो नाहीसा होणार होता. तुला सांगायला तोंडच उघडेना. नको आहेस असं तू लिहिलंस ते वाचून मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

त्यात काय लिहिलंय ऐक. 'मुलगी आपल्या पत्रांत या बाईला मोठी बहीण म्हणते. मुलगी स्वतःच्या आईबरोबर राहते. त्या आईच्या गुडघ्यांचं दुखणं, तिचं बोलणं, तिचा स्वभाव यांचा उल्लेख प्रत्येक पत्रात आहे. सबब ही बाई मुलीची आई असल्याचा दावा खोटा आहे.' खोटा, टकले! आणि खोटं सांगितलं म्हणून दहा वर्षं तुला पुन्हा अर्ज करायला बंदी. जन्माचा दाखला लावला होता, पण तो आपण शाळेत घालताना काढलेला, पाच वर्षं उशिराचा. त्याला ते विचारत नाहीत.

फॉर्मवाल्याच्या भाषांतर करणाऱ्याने शब्दकोशात बघून ताईचं मोठी बहीण केलं आणि आईचं आई. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. शब्दकोशात तेच आहे.

मग एक दिवस माझा कोपरा लागेना. तीन चादरी वाकड्या घडी पडल्या. उंच बाईने चादर खाली ठेवली, माझा हात धरला आणि सुट्टी झाल्यावर मला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर नेऊन बसवलं. तिचे कागद ज्यांनी सोडवले त्या वकीलबाई तिथे बसतात. साठीच्या पुढच्या. एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर, आणि तिसरा शोधत असतात. आधी त्यांनी मला फैलावर घेतलं. अपिलाला अठ्ठावीस दिवसांची मुदत, मी सव्विसाव्या दिवशी गेलेली! मग म्हणाल्या, मुलीचं मूळ पत्र काढा आणि मोठ्याने वाचा. म्हटलं, बाई, तुम्हाला यातलं काय कळणार? म्हणाल्या, कळायला नकोय, ऐकायचंय.

मी तुझं गेल्या सप्टेंबरचं पत्र वाचलं. त्या भाषांतर समोर धरून ऐकत होत्या. एका जागी पेन्सिल टेकवली. 'ही जी आई, हिला त्र्याहत्तरावं लागलं असं लिहिलंय?' हो म्हटलं. 'आणि मुलगी सतरा वर्षांची. म्हणजे ही छप्पन्नाव्या वर्षी बाळंत झाली?' साहेबाने गुडघे वाचले आणि वय वाचलं नाही.

मग त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं. सांगितलं त्यांना, की तुझे बाबा गेले तेव्हा तू एक वर्षाची होतीस, मी तुला घेऊन माहेरी आले, भावंडांत थोरली म्हणून धाकट्यापासून शेजारणीपर्यंत सगळे मला ताई म्हणायचे, तूही म्हणायला लागलीस, कोणी सुधारलं नाही. 'हे अर्जात का नाही लिहिलं?' म्हणाल्या. कोणी विचारलंच नाही, म्हटलं. सांगण्यासारखं काही आहे असं आपल्याला वाटलंच नव्हतं ना गं. शेवटी त्यांनी भीत भीत विचारलं की मुलीला काही आजार आहे का, कारण प्रत्येक पत्राखाली 'तुझी टक्कल पडलेली' अशी सही आहे. महिन्याभरात पहिल्यांदा हसले मी.

अठरा मेला अपील दाखल झालं. नवा अर्ज करून उपयोग नाही, हा 'खोटा' शेरा सगळीकडे पाठीला चिकटून येणार. तोच पुसला पाहिजे, आणि याच अर्जावर, कारण याच अर्जात तू सतराची आहेस. हरलो तर संपलं. तुला सांगून टाकलं, आता लपवणार नाही.

तुझी ताई


२ जून

प्रिय आई,

पत्र मिळाले. वाचून सगळे समजले. इकडे सर्व ठीक आहे. आजीची प्रकृती बरी आहे. माझा अभ्यास चालू आहे.

आई, चूक माझी आहे. माझ्या एका शब्दामुळे तुझी एवढी वर्षं पाण्यात जायची वेळ आली. मी आता तो शब्द सोडला. घरातही सगळ्यांना सांगितलंय. काल मी 'आजी' म्हणून हाक मारली तर तिने मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. मग लक्षात आल्यावर आत गेली आणि भांडी आपटायला लागली. म्हणाली, मी काय मेले का? मी समजावलं, कोर्टासाठी आहे. ती म्हणाली, कोर्टाला म्हणावं तुझं तुझ्या घरी. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पण मी ठरवलंय ते ठरवलंय.

तुझी मुलगी


१६ जून

लाडक्या टकले,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या खोलीत उघडलं. चार वेळा वाचलं. खोटं कशाला बोलू, फक्त पहिली ओळ चार वेळा वाचली. मला वाटायचं मला त्याचं काही नाही, ताई तर ताई, पोर हाक मारते ना. पण तो शब्द कागदावर बघितला आणि मी त्या कपाटात डोकं घालून रडले. अठरा वर्षं मला तो हवा होता, हे मलाच माहीत नव्हतं.

पत्र घेऊन थेट वकीलबाईंकडे गेले, दाखवायला. त्यांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं, अर्थ विचारला आणि पत्र पालथं घातलं. म्हणाल्या, 'हे फायलीत जाणार नाही. नामंजुरी आल्यावर पोरीने शब्द बदलला, तर ते म्हणतील शिकवलंय. जो शब्द आपल्याला बुडवायला निघालाय त्यालाच धरून वर यायचंय.' मग विचारलं, 'हे पत्र तुम्हाला हवंय का?' हो म्हटलं. त्यांनी नीट घडी घालून माझ्या हातात दिलं.

तर टकले, तुझी आई तुला हात जोडून सांगते, मला आई म्हणू नकोस. आणि माझ्या आईला आजी म्हणून छळू नकोस, फोनवर माझंच डोकं खाते.

डीएनए चाचणीचे कागद पाठवलेत. गालाच्या आतून कापूस फिरवतात, दुखत नाही. पण वकीलबाई म्हणतात की तेवढ्याने भागणार नाही. जन्म कोणी दिला हे चाचणी सांगेल, पण कायदा आणखी एक विचारतो, की वाढवलं कोणी? मुलीचे निर्णय कोण घेतं? त्यासाठी तुझी सगळी पत्रं त्या नव्याने भाषांतर करून घेताहेत, आपली भाषा घरी बोलणाऱ्या माणसाकडून. शिवाय त्यांना जुनं काही तरी हवंय. अर्जाची कल्पनाही नव्हती तेव्हाचं, घराबाहेरच्या माणसाच्या हातचं, ज्यात दिसेल की तू आईला ताई म्हणतेस. असं काय असणार आपल्याकडे? तरी शोध.

तुझी ताई


४ जुलै

प्रिय ताई,

हुश्श. किती बरं वाटलं हे लिहून.

सापडलं! दुसरीतली निबंधाची वही, मामाच्या दुकानाच्या माळ्यावर, पंख्यांच्या पात्यांखाली. वही सोबत पाठवतेय, पण तुला आत्ताच वाचून दाखवते. विषय माझी आई. 'माझ्या आईचे नाव ताई आहे. ताई मला शाळेत सोडते. ताईच्या आईला मी आई म्हणते. मला दोन आया आहेत, पण एक ताई आहे.' खाली बाईंची लाल शाई: 'आईला ताई म्हणू नये. पालकांनी लक्ष द्यावे.' त्याखाली तुझी सही, तारखेसकट!

मी वही घेऊन बाईंच्या घरी गेले. आता निवृत्त झाल्यात. वही बघून म्हणाल्या, 'म्हणू नये असं लिहिलं होतं ना मी? ऐकलं का कोणी?' सगळं सांगितलं तेव्हा मात्र चष्मा काढून पुसला आणि वकीलबाईंना हवं तसं लिहून दिलं. शेवटी स्वतःहून एक वाक्य घातलं, की ही आई पालकसभा कधी चुकवत नसे आणि गेल्यावरही दर वर्षी फोन करून मुलीची चौकशी करत असे. तू बाईंना फोन करायचीस हे मला माहीतच नव्हतं.

ताई, आता पुढचं फायलीला लावू नकोस. त्या साहेबाने लिहिलेलं ऐकून मला एवढा राग का आला ठाऊक आहे? थोडं खरं वाटलं म्हणून. ताप आला की मी आईलाच हाक मारते. तू गेलीस त्या वर्षी मी तुझ्यावर इतकी चिडले होते की तुझा फोन आला की संडासात जाऊन बसायचे. आई मग बाहेरून दार वाजवायची आणि म्हणायची, ताई रडतेय तिकडे, ये बाहेर. मी मुद्दाम उशीर करायचे. तुझं रडणं मला ऐकायचं असायचं, म्हणजे तुला माझी आठवण येते हे कळायचं.

चाचणी झाली. कापसाने गुदगुल्या झाल्या.

टकली


२८ सप्टेंबर

लाडक्या टकले,

काल सुनावणी झाली. फोनवर निम्मंच सांगता आलं, आईचं मधे मधे 'पण ते काय म्हणाले' चालू होतं, म्हणून नीट लिहिते.

पण आधी तुझ्या जुलैच्या पत्रातल्या त्या, फायलीला न लावायच्या परिच्छेदाचं. तू संडासात बसतेस हे आईने मला तेव्हाच सांगितलं होतं. मी मुद्दाम फोन ठेवत नसे. आणि थोडं खरं आहे हे मलाही माहीत आहे, टकले. ताप आला तेव्हा मी नव्हते, याला कुठला कागद पुरणार? ऑगस्टमध्ये तू अठराची झालीस आणि त्या दिवशी मी चादरी मोजत होते. असो.

मला वाटलं होतं कोर्ट म्हणजे उंच खुर्ची, हातोडा. तर एक साधी खोली, टेबल, पाण्याचा जग. न्यायाधीशबाईंना सर्दी झालेली. सरकारी वकील तरुण आणि फार नम्र. तो म्हणाला, चाचणी आम्हाला मान्य, जन्म यांनीच दिलाय, खोटेपणाचा आरोप मागे घेतो. मी वकीलबाईंकडे बघून हसले, त्या मात्र हसल्या नाहीत. कारण तो पुढे म्हणाला, 'पण मुलगी आई कोणाला म्हणते? जिने वाढवलं तिला. शब्दच सांगतो.'

वकीलबाई सावकाश उठल्या. त्यांनी तुझी सगळी पत्रं नव्या भाषांतरातून दाखवली. चष्मा ताईला विचारून, केस ताईला विचारून, कॉमर्स ताईला विचारून. सहलीच्या कागदावर सही माझी, टपालाने गेलेली. शाळेतल्या बाईंचं पत्र. 'लाड आईकडे आहेत, परवानगी ताईकडे,' म्हणाल्या. आणि तुझ्याच पत्रातलं वाक्य वाचलं, मला काय विचारतेस, ताईला विचार. मग लाल शाईचं पान. न्यायाधीशबाईंनी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा रुमालाआडून.

सगळ्यात शेवटी वकीलबाईंनी मला उभं केलं. मोजून तीन प्रश्न विचारले.

'तुम्ही स्वतःच्या आईला काय म्हणता?'

म्हटलं, आई.

'मुलगी बोलायला लागली तेव्हा ती कोणाच्या कडेवर असायची?'

माझ्या, म्हटलं.

'मग आई हा शब्द तिने पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकला?'

टकले, मला कधी सुचलंच नव्हतं हे. तू तिला आई म्हणतेस कारण मी तिला आई म्हणायचे आणि तू माझ्या कडेवर बसून माझ्या तोंडाकडे बघत असायचीस. मी जेमतेम म्हटलं, माझ्या. वकीलबाई म्हणाल्या, मला आणखी काही विचारायचं नाही, आणि बसल्या. त्यांच्या हातात आणखी दोन पानं प्रश्न होते, मी बघितले होते.

जिना उतरताना विचारलं, ती दोन पानं का सोडलीत? म्हणाल्या, खुंटी ठोकून झाल्यावर हातोडी चालवत राहिलं तर भिंतच पडते. निकाल लेखी येणार, दीड-दोन महिन्यांनी.

तुझी ताई


१५ नोव्हेंबर

प्रिय ताई,

जिंकलो!!! फोनवर तू नुसती हुंदके देत होतीस, मामाला वाटलं हरलो, तो खुर्चीत मटकन बसला. मग मी ओरडले तर तो उठला आणि दुकानात जाऊन सगळेच्या सगळे पंखे चालू केले. दुरुस्त न झालेलेही. एकाचं पातं निखळलं.

पासपोर्टवर शिक्का पुढच्या आठवड्यात. तिकीट दहा जानेवारीचं.

पण आई काही बोलत नाही, ताई. हेच भयंकर आहे. माझे कपडे पेटीत भरते, पुन्हा काढते, पुन्हा घड्या घालते. काल विचारलं, आई, रागावलीस? म्हणाली, रागावू कशाला, जिची तिच्याकडे चाललीस. नाक चोळत होती.

तुझ्याकडे बघितलं की मला यायचंय. तिच्याकडे बघितलं की मला जायचं नाही. तुलाही नऊ वर्षांपूर्वी असंच झालं होतं का? तू कशी निघालीस ते एकदा सांग. मला निघता येईल असं वाटत नाही.

टकली


२४ जानेवारी

ती. आईस,

शि. सा. न.

पोर सुखरूप पोचली हे फोनवर कळलंच. पण तुला निवांत सांगायचं होतं, आणि फोनवर तू सारखी 'जेवली का' एवढंच विचारतेस.

माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालीय. विमानतळावर आम्ही दोघी शेजारणींसारख्या उभ्या. प्रवास कसा झाला, सामान आलं का सगळं, असलंच बोलत होतो. बसमध्ये बसल्यावर तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपून गेली. माझा उतरायचा थांबा गेला, मी तिला उठवलं नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

गेल्या रविवारची गोष्ट. मी चहा टाकत होते. पांघरुणातून आवाज आला, 'आई, पाच मिनिटं गं.' मी 'ओ' म्हणून वळले. ती डोळे चोळत उठून बसली, खिडकीकडे बघितलं, बसगाड्या बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा एवढासा झाला. हाक मला नव्हतीच, तुला होती. झोपेत ती तुझ्याकडेच होती. 'ताई, सॉरी,' म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. वाटलं होतं, मला वाईट वाटेल. पण आई, मलाही तूच हवी होतीस. नऊ वर्षं मी पोरीसाठी रडतेय असं समजत होते, त्यातलं निम्मं तुझ्यासाठी होतं. चहा उतू गेला.

गुरुवारी दोघी वकीलबाईंकडे गेलो. त्यांना वाटलं आभार मानायला आलोय. टकलीने सरळ विचारलं, आईला इकडे आणता येईल का? त्यांनी डोक्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, मोठ्या झालेल्या मुलांच्या आईबापांचे अर्ज फार अवघड, दहातला एक होतो, वेळ लागतो, खोटी आशा लावणार नाही. मी म्हटलं, सोपं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?

त्यांनी खणातून कोरा फॉर्म काढला, पेन्सिल घेतली. तुझं नाव लिहिलं, वय लिहिलं, गुडघ्यांचं लिहिलं. मग नात्याच्या रकान्यापाशी थांबल्या आणि वर न बघता म्हणाल्या, 'आई. कोणाची?'

आम्ही दोघी एकदम म्हणालो, 'माझी.'

तुझी,
ताई